पत्रापासून गीतापर्यंत : लोककवी वामनदादा कर्डक

धम्मदीक्षा घेतली की घरातला देव्हारा रिकामा होतो. टाक, परडी, गंडे, ताईत सारे एका दिवसात बाहेर जाते. हे काम धैर्याचे असले तरी एका दिवसाचे आहे. परंतु देवांबरोबर देवांची गाणीही जातात, आणि त्यांची जागा एका दिवसात भरत नाही. जात्यावरची ओवी विठ्ठलाची होती, हळदीचे गाणे खंडोबाचे होते, पाळणा रामाचा नाहीतर कृष्णाचा होता. आजीच्या ओठांवर जन्मभर हीच गाणी होती. ती सोडली, मग म्हणायचे काय? त्रिशरण-पंचशील झाले, भीमस्मरण झाले, भंतेजींनी मंगलसुत्त म्हटले की विधी पुरा होतो. पण हळद लावणाऱ्या हाताला, पाळण्याची दोरी ओढणाऱ्या हाताला आपल्या बोलीतले गाणे लागते. ते कोणीतरी रचावे लागते.

कोणीतरी रचावे, असे सर्वांनाच वाटते. मी रचतो, असे म्हणायला मात्र जीभ उचलत नाही.

आमच्या करंजाड्यातही हेच आहे. पनवेलला लागून असलेल्या या गावाभोवती अलीकडच्या काळात इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांच्यातल्या अनेकांची घरे इकडे आली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण अशा चारी दिशांनी पोटासाठी आलेली माणसेही इथेच स्थिरावली. त्यांत आपली बौद्ध कुटुंबे आहेत, आणि नुकतीच दीक्षा घेतलेलीही आहेत. रविवारी कोणाच्या तरी घरी वंदनेला पंधरा-वीस माणसे जमतात. वंदना होते, चहा होतो, आणि मग हळूच कळते की या घरच्या सूनबाईने किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बाबासाहेबांवर गाणे लिहिले आहे. म्हणून दाखव म्हटले की वही गादीखाली जाते. कारणे ठरलेली असतात. माझी भाषा शुद्ध नाही. मला वृत्त-मात्रा कळत नाहीत. लोक हसतील. एवढे मोठे कवी होऊन गेले, तिथे मी कोण?

या शेवटच्या कारणाकडे उपासक-उपासिकांनी नीट पाहावे. ते नम्रतेसारखे दिसते, पण तथागतांच्या शिकवणीत त्याची जागा निराळी आहे. 'मान' हे चित्ताला बांधून ठेवणारे एक बंधन सांगितले आहे. मी इतरांहून श्रेष्ठ आहे, हा मान कोणालाही ओळखता येतो. मी इतरांच्या बरोबरीचा आहे, असे तोलत बसणे हाही मान. आणि मी इतरांहून हीन आहे, हाही मानच. त्याला हीनमान म्हणतात. तिन्ही प्रकारांत माणूस स्वतःलाच मोजत बसतो आणि हातातले काम पडून राहते. आपल्या बाबतीत तर हा हीनमान आपल्या घरी पिकलेला नाही. तो मनुस्मृतीने पेरला आणि गावगाड्याने शेकडो वर्षे त्याला पाणी घातले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ती पोथी जाळली गेली. आपल्या पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघणारा रस्ता त्याच महाडला जातो. पोथी जळून शंभर वर्षे होत आली, तरी तिची राख काही मनांतून अजून झाडायची राहिली आहे.

म्हणून आज लोककवी वामनदादा कर्डक यांचे चरित्र सांगावयाचे आहे. वामनदादा ठाऊक नाहीत असे बौद्ध घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. नवदीक्षित घरांतही त्यांचे गाणे त्यांच्या नावाच्या आधी पोचलेले असते. पण ज्याला आपण हजारो गीतांचा धनी म्हणून ओळखतो, तो तरुणपणापर्यंत एकही अक्षर न वाचता येणारा माणूस होता. सुरुवात करणाराने त्यांच्या कीर्तीपेक्षा या आरंभाकडे अधिक पाहावे, असे मला वाटते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. आईचे नाव सईबाई. घर गरिबीचे, वस्ती गावकुसाबाहेरची. जिल्हा मात्र चळवळीचा होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वामन सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. इतिहास त्याच्या जिल्ह्यात घडत होता, पण त्याच्या हातात पाटी-पेन्सिल नव्हती. ज्या वयात मूल बाराखडी गिरवते त्या वयात तो कष्टाला लागला. शाळेत जाणे त्याच्या वाट्याला आलेच नाही.

पुढे आईबरोबर तो मुंबईला आला. त्या काळी नाशिक, नगर, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतली आपली हजारो माणसे अशीच मुंबईला आली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या सफाईत त्यांनी आयुष्ये घातली. वामननेही मिळेल ते काम केले. गिरणी पाहिली, कोळशाच्या वखारीत राबला, चिक्की विकली, आइसफ्रूट विकले. सिनेमात नट व्हावे अशीही हौस त्याला होती. स्टुडिओच्या दारात उभे राहून गर्दीतला एक चेहरा होण्याचे काम त्याने केले. हे वाचून हसू नये. कलेची ओढ असलेल्या गरीब मुलाला पहिली वाट जी दिसते तीच तो धरतो.

शिवडीच्या चाळीत त्याचे बस्तान होते. अशा चाळी म्हणजे त्या वेळच्या आपल्या समाजाची मुंबईतली वस्तीच. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेबांनीही अनेक वर्षे संसार केला होता. चाळीत आखाडे होते, भजनी मंडळे होती, जलसे होते आणि समता सैनिक दल होते. वामन सैनिक दलात गेला. अंगाने चपळ, आवाज खणखणीत. मुलांना लेझीम आणि कवायत शिकवू लागला. गणवेशातला उमदा तरुण पाहून लोक त्याला मानू लागले.

त्यातूनच तो प्रसंग आला. चाळीतल्या एका माणसाने एक पत्र आणून वामनच्या हाती दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. त्या माणसाला स्वतःला वाचता येत नव्हते. सैनिक दलाचा हा पुढारी, मुलांना शिस्त शिकवणारा. याला वाचता येत असणारच, असे त्याने धरले. आणि वामनला वाचता येत नव्हते.

या क्षणी काय काय करता आले असते, याचा विचार करावा. चष्मा नाही, घाई आहे, उद्या ये, अशी कितीतरी निमित्ते माणूस सांगतो. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी बँकेत, पोस्टात, दवाखान्यात अशी निमित्ते सांगितलेली आपण पाहिली आहेत. त्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी शाळेची दारे बंद ठेवली त्यांनी ही लाज आपल्या लोकांच्या पदरात बांधली. वामनच्या मनाला ही गोष्ट लागली. त्या वेळी त्याच्या मनात नेमके काय चालले असेल ते मी रंगवून सांगत नाही. त्याने पुढे काय केले ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तेवढे पुरे आहे. तो देहलवी नावाच्या मास्तरांकडे गेला आणि त्यांच्याकडून मुळाक्षरे व बाराखडी शिकला.

मिशी फुटलेल्या तरुणाने पाटी घेऊन बसायचे आणि अ, आ, इ गिरवायचे, हे सोपे नव्हे. ज्या पोरांना आपण लेझीम शिकवतो ती पोरे आपल्यापेक्षा भरभर वाचतात, हे रोज डोळ्यांना दिसत असते. बाराखडी झाली तेव्हा वामनने शहराचीच शाळा केली. दुकानांवरच्या पाट्या त्याने एकेक अक्षर जुळवून वाचल्या. मुंबईच्या रस्त्यावर पाट्यांना तोटा नव्हता. शब्द जुळू लागले, मग ओळी, मग पुस्तके.

इथे धम्मातली चुल्लपंथक भिक्खूची कथा आठवते. नवदीक्षित घरांतल्या मुलांना ती जरूर सांगावी. महापंथक आणि चुल्लपंथक हे दोघे भाऊ संघात आले. थोरला बुद्धिमान होता. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढचे पाठ करावे तर मागचे विसरे. थोरल्या भावानेच कंटाळून त्याला विहार सोडून जायला सांगितले. तो रडवेला होऊन निघाला असता तथागतांनी त्याला अडवले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि उन्हाकडे तोंड करून ते हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले. सारे संस्कार अनित्य आहेत हे त्या मळलेल्या वस्त्रावरून चुल्लपंथकाला उमगले आणि तो अर्हत झाला. ज्याला मंदबुद्धी म्हणून घालवून दिले होते, त्याचे नाव पुढे श्रेष्ठ शिष्यांत घेतले जाऊ लागले. तथागतांनी त्याला तू हुशार आहेस असे सांगून धीर दिला नाही, हे लक्षात घ्यावे. त्याला जमेल एवढे काम त्याच्या हाती दिले. देहलवी मास्तरांची बाराखडी मला त्या वस्त्रासारखी वाटते.

अक्षरओळख होऊन फार काळ गेला नाही, तोच गाणे आले. वामनदादांच्या पहिल्या गीताची तारीख ३ मे १९४३ अशी सांगतात. वय एकवीसही पुरे नव्हते. ते गीत स्वतंत्र नव्हते. एका हिंदी गाण्याच्या चालीवर रचलेले ते विडंबन होते. लोकांपुढे त्यांनी ते म्हटले.

ही गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण नव्याने लिहिणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण इथेच असते. त्याला वाटते की पहिल्याच गाण्यात विचार माझा हवा, शब्द माझे हवेत, चाल माझी हवी, आणि ते आजवर कोणी केले नसावे. एवढे ओझे घेऊन कोणीही उठू शकत नाही. वामनदादांनी पहिल्या दिवशी चाल उसनी घेतली. तयार चाल म्हणजे काय? ओळीची लांबी ठरलेली असते. श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेले असते. ध्रुपद कुठे परत येणार ते ठरलेले असते. वृत्त-मात्रांचे पुस्तक न वाचलेल्या माणसाला ती चालच मात्रा शिकवते. शब्द लांबला तर गाताना जीभ अडखळते आणि चूक तिथल्या तिथे कळते. शिवाय ऐकणाराच्या कानात चाल आधीच बसलेली असते, त्यामुळे त्याचे सारे लक्ष नव्या शब्दांकडे जाते. ही युक्ती वामनदादांनी शोधून काढलेली नव्हती. त्यांच्या आधी सत्यशोधक जलसेवाल्यांनी आणि मग आंबेडकरी जलशांनी हेच केले होते. तमाशाचा सांगाडा घ्यायचा, आतला देव काढायचा, आणि तिथे माणूस बसवायचा. ढोलकी तीच, पेटी तीच, झील धरणारेही तेच. नाशिक जिल्ह्यातलेच भीमराव कर्डक आपला जलसा घेऊन गावोगाव फिरत होते. स्वतः बाबासाहेब जलशाला आपल्या सभांपेक्षा अधिक मोल देत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. त्याही मागे पाहावे तर महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तो शाहिरांच्या जुन्याच साच्यात. तेव्हा उसन्या चालीची लाज बाळगण्याचे कारण नाही. आपल्या थोर माणसांनी चाली घेतल्या आणि त्यांत भरायचा अर्थ आपला ठेवला.

विडंबनाने सुरू झालेले गाणे तिथेच राहिले नाही, हेही तितकेच खरे. एका बाजूने वाचन वाढत गेले, दुसऱ्या बाजूने बाबासाहेबांच्या सभा कानांवर पडत होत्या. गाण्यातला विषय बदलला. चाळीतली गंमत मागे पडली आणि भीमराव पुढे आले. वामनदादा गाणी रचू लागले, गाऊ लागले आणि गावोगाव जाऊ लागले. पुढे साठ वर्षे ते थांबले नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोनच महिने पुरे होत नाहीत तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. लाखो लोकांनी नवा धम्म घेतला होता आणि तो समजावून सांगणारा गुरू निघून गेला होता. त्या काळाची आज नव्याने येणाऱ्या कुटुंबांना कल्पना येणे अवघड आहे. आज पुस्तके आहेत, विहारे आहेत, शिबिरे आहेत, मोबाइलवर प्रवचने आहेत. तेव्हा खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे भिक्खूचे दर्शन होत नसे. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ज्यांना मराठीच वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत तो कसा पोचणार? तो गाण्यातून पोचला. सिद्धार्थाने घर का सोडले, करुणा म्हणजे काय, बावीस प्रतिज्ञा का पाळायच्या, हे आपल्या आजी-आजोबांनी गायकांच्या तोंडून ऐकले. रात्री दहाला सुरू झालेला कार्यक्रम पहाटेपर्यंत चाले. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, बैलगाडीच्या चाकाला टेकून, लेकरे मांडीवर घेऊन आयाबायांनी धम्म ऐकला. हे काम ज्यांनी केले त्या गायक-कवींत वामनदादांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांच्या गाण्यांत दोन गोष्टी नेहमी दिसतात. एक, भाषा. ती मुळीच पुस्तकी नाही. सिन्नरकडची बोली आणि शिवडीच्या चाळीतली बोली, दोन्ही तीत मिसळल्या आहेत. भाषा शुद्ध नाही म्हणून वही लपवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. जी बोली अशुद्ध म्हणून हिणवली गेली, तिच्यातच त्यांनी अर्थशास्त्रातला प्रश्न मांडला, देशाची संपत्ती कोणाकडे आहे हे विचारले, आणि ते शेतमजुराला एका फटक्यात कळले. दुसरी गोष्ट, स्वरूपांची विविधता. लावणी, पोवाडा, गौरवगीत, गझल, लग्नातली गाणी, सारे त्यांनी हाताळले. गझलसारखा कसोटीचा प्रकार, ज्यात यमक आणि अंत्यपद शेरामागून शेर सांभाळावे लागते, तोही त्यांनी आपलासा केला. दुकानांच्या पाट्यांवरून वाचायला शिकलेला माणूस इथवर आला. वहीत मात्रा मोजून नव्हे, तर गाऊन-गाऊन, ऐकणाऱ्यांच्या मानेची डोल पाहून.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सुरुवात केली की शंका संपतात, असे समजू नये. लिहिणाऱ्याला शंका घ्यायला लावणारी माणसे बाहेर बसलेलीच असतात. वामनदादांची गाणी खेड्यापाड्यांत गायली जात होती, तरी मराठी साहित्याच्या दरबारात त्यांना कवी म्हणून पाट मिळायला फार वेळ लागला. सवर्ण समीक्षकांचे सोडा; आपल्यातल्या शिकलेल्यांनीही गायन पार्टीच्या गाण्याकडे बराच काळ दुय्यम नजरेने पाहिले. १९६० नंतर दलित साहित्य उभे राहिले, १९७२ साली दलित पँथर निघाली, मासिकांतून जळजळीत कविता छापल्या गेल्या, आणि त्या मोलाच्याच होत्या. पण छापलेली तेवढी कविता आणि गायलेली ती करमणूक, असा भेद काहींनी मनात धरला. माझ्या मते ती मोठी चूक होती. ज्या बाईला छापलेला अंक वाचता येत नव्हता तिच्या हक्काची कविता कोणती? ती गायलेलीच.

वामनदादांनी या मानपानासाठी थांबून राहण्याचे नाकारले. आकडेच पाहा. पहिले गीत १९४३ सालचे. पहिला संग्रह 'वाटचाल' निघाला १९७३ साली. मध्ये तब्बल तीस वर्षे गेली. पुस्तक नाही म्हणून मी कवी नाही, असे म्हणून ते बसले असते तर या तीस वर्षांतली गाणी जन्माला आली नसती. त्यानंतर 'मोहळ' १९७६ साली आला, 'हे गीत वामनाचे' १९७७ साली. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वामनदादांना देण्यात आले. ज्याला कधी शाळा मिळाली नाही त्याच्या समोर त्या दिवशी प्राध्यापक श्रोते म्हणून बसले होते. पहिल्या गीताला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

संसाराच्या बाजूने त्यांच्या वाट्याला सुख थोडे आले. मीरा नावाची मुलगी झाली, ती लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंनी त्यांचा संसार सांभाळला. ज्या घरात कमावता माणूस महिनोन्महिने कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असतो, बिदागी कधी मिळते कधी नुसता नारळ आणि शाल मिळते, त्या घराची चूल पेटती ठेवणे म्हणजे काय, हे चळवळीतल्या बायकांनाच ठाऊक. कवीच्या चरित्रात ही बाजू दोन ओळींत उरकली जाते. मीही दोन ओळींतच उरकतो आहे, कारण अधिक लिहायला जी माहिती हवी ती कोणी वेळेवर लिहून ठेवली नाही. आपल्या घरातल्या स्त्रियांनी वही गादीखाली न ठेवता बाहेर काढावी, याचे हेही एक कारण आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला. घरे जळाली, माणसे मेली, मोर्चे निघाले. त्या सोळा वर्षांत रस्त्यावर जी गाणी म्हटली गेली त्यांत वामनदादांची गाणी होती. चौदा एप्रिलला, चौदा ऑक्टोबरला, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर, गायकांच्या एकामागून एक पिढ्यांनी ती गायली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते ज्या काळात भीमगीते गात होते तो काळ याच रचनांनी भरलेला होता. कॅसेटचे युग आले तेव्हा टपऱ्यांतून, रिक्षांतून, लग्नाच्या मांडवांतून तीच गाणी वाजली. किती गाणी रचली याचा बिनचूक हिशेब लागत नाही. काही छापली गेली, काही गायकांच्या वह्यांत राहिली. काही तर लोकांच्या तोंडी इतकी बदलली की मूळ कोणते ते सांगता येऊ नये.

एक आणखी सांगण्यासारखे. कार्यक्रमांत दोन पार्ट्यांचा मुकाबला लागे. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातून जवाब द्यायचा. तिथे शंका घेत बसायला उसंत नसते. समोर माणसे बसलेली, ढोलकी वाजते आहे, कडवे तयार हवे. जुने गायक याला शाळा म्हणत, आणि ती खरोखर शाळाच होती. आज अशा बैठका कमी झाल्या आहेत. पण करंजाड्यासारख्या ठिकाणी, जिथे एकाच मजल्यावर नागपूरचे, लातूरचे, धुळ्याचे आणि महाडचे घर शेजारी शेजारी आहे, तिथे रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास गाण्याला द्यायला काय हरकत आहे? प्रत्येक घराने एक कडवे आणावे. चाल कोणतीही चालेल. जुन्या ओवीचीही चालेल. ओवीत विठ्ठलाच्या जागी तथागत आले म्हणून जात्याने कधी तक्रार केलेली नाही. नागपूरकडची बाई आपल्या बोलीत म्हणेल, कोकणातली आपल्या. कडवे फसले तर चहा आहेच. हसणारे हसतील; चाळीतही हसत असतील.

वामनदादा अखेरपर्यंत फिरत आणि गात राहिले. केस पिकले, अंग थकले, तरी बोलावणे आले की निघत. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. ज्या जिल्ह्यातून आईबरोबर पोट भरायला ते बाहेर पडले होते, त्याच जिल्ह्यात त्यांचा शेवट झाला.

त्यांच्या पुष्कळ गीतांच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येते. शाहिरांची ही जुनी रीत आहे. ज्या तरुणाला एके काळी शिवडीच्या चाळीत हातातले पत्र वाचता आले नव्हते, त्याचे नाव आज त्या कडव्यात गायक आवाज चढवून घेतो आणि मांडवातली माणसे, ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही तीसुद्धा, गायकाच्या आधीच 'वामन' हा शब्द उच्चारून मोकळी होतात.